तारामतीपासून आनंदीबाईपर्यंत : दुर्गाबाई खोटे यांची उलटी वाट

१/
१९१३ साली दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, तेव्हा राणी तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना एकही स्त्री मिळाली नाही. अखेर उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके नावाचे तरुण लुगडे नेसून तारामती झाले. १९३२ साली ‘प्रभात’ने हीच कथा मराठीत बोलती केली. या वेळची तारामती मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकलेली, सॉलिसिटरची मुलगी आणि दोन मुलांची आई होती. दोन तारामतींमध्ये अंतर अवघ्या १९ वर्षांचे. या काळात काय बदलले आणि काय तसेच राहिले, हे दुर्गाबाई खोटे यांच्या कारकिर्दीत स्पष्ट दिसते.

२/
आधी त्या काळची रंगभूमी पाहू. विसाव्या शतकाच्या आरंभी मराठी संगीत नाटक वैभवात होते. पण रंगमंचावरची नायिका पुरुषच असे. भाऊराव कोल्हटकरांनी घालून दिलेली स्त्रीपार्टीची परंपरा बालगंधर्वांनी शिखरावर नेली. नाटक कंपनी म्हणजे फिरते बिऱ्हाड : आज पुणे, उद्या सोलापूर, परवा बेळगाव. अशा बिऱ्हाडात घरंदाज स्त्रीने जाणे समाजाला मान्य नव्हते. लोकांसमोर गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्त्रीची ओळख तमाशाशी किंवा कलावंतिणीच्या घराशी जोडली जाई. स्त्रियांनी चालवलेल्या नाटक मंडळ्या नव्हत्याच असे नाही. पण प्रतिष्ठित रंगभूमीने त्यांना आपल्या पंक्तीला बसवले नाही.

३/
फाळक्यांची अडचण याच वातावरणातून आली होती. मात्र ती फार काळ टिकली नाही. त्याच १९१३ साली आलेल्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या दोघींनी भूमिका केल्या. आई पार्वती झाली, मुलगी मोहिनी. या मायलेकी रंगभूमीवरच्या होत्या. पुढे कमलाबाई गोखले झालेल्या या मोहिनीच्या घरात चंद्रकांत गोखले आणि विक्रम गोखले असा अभिनयाचा वारसा चालला. म्हणून ‘पहिली मराठी चित्रपट अभिनेत्री’ हा मान दुर्गाबाई खोटे यांचा नव्हे. त्यांच्या नावामागे लागणारे विशेषण वेगळे आहे : ‘पहिली कुलीन अभिनेत्री’. हे विशेषण जरा तपासून घ्यावे लागते.

४/
मूकपटांच्या दीड दशकात पडद्यावर स्त्रिया दिसू लागल्या. त्यांत गाण्याबजावण्याच्या घराण्यांतून आलेल्या होत्या, तशा ज्यू आणि अँग्लो-इंडियन समाजांतल्याही होत्या. ‘सुलोचना’ या नावाने गाजलेल्या रुबी मायर्स या त्या काळच्या मोठ्या तारका. मूकपटात भाषेचा प्रश्नच नव्हता. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात ‘आलम आरा’ लागला आणि परिस्थिती पालटली. आता चेहऱ्याइतकीच वाणीही महत्त्वाची ठरली. शुद्ध उच्चार, वाचनाची सवय आणि गळ्यात सूर असलेल्या स्त्रिया निर्मात्यांना हव्या झाल्या. सुशिक्षित घरांतील मुलींकडे चित्रपटसृष्टीचे लक्ष याच सुमारास वळले.

५/
दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ चा. माहेरचे नाव विठा लाड. वडील पांडुरंग लाड मुंबईतील सॉलिसिटर. घराणे मूळचे गोव्याचे, घरात बोली कोंकणी. शिक्षण कॅथीड्रल शाळेत आणि नंतर सेंट झेवियर्समध्ये, म्हणजे त्या काळी मुलीला मिळू शकणारे उत्तमातले उत्तम. महाविद्यालयात असतानाच मुंबईतील खोटे या श्रीमंत घराण्यात त्यांचा विवाह झाला. पती विश्वनाथ खोटे बनारसहून अभियांत्रिकी शिकून आलेले. बकुल आणि हरिन हे दोन मुलगे. मोठा गोतावळा, नोकरचाकर, गाड्या. या संसारात चित्रपटाला जागा असण्याचे काही कारणच नव्हते.

६/
मग खोटे कुटुंबाची आर्थिक घडी विसकटली. दुर्गाबाईंना तरुण वयातच वैधव्य आले आणि दोन मुलग्यांचा भार त्यांच्या खांद्यावर पडला. माहेर सधन होते. पण आयुष्यभर माहेरच्या आधारावर राहणे त्यांना रुचणारे नव्हते. मराठी चरित्रलेखनात या टप्प्याचे वर्णन अनेकदा ‘कलेची ओढ’ अशा शब्दांत होते. दुर्गाबाईंच्या बाबतीत तसे म्हणणे इतिहासाला धरून नाही. त्या चित्रपटात आल्या त्या अर्थार्जनासाठी. शिकलेल्या स्त्रीला शिक्षिका होण्यापलीकडे फारशी दारे उघडी नव्हती, त्या काळात नव्याने उघडलेले एक दार त्यांनी ढकलले. कलेशी नाते नंतर जडले, आणि ते पन्नास वर्षे टिकले.

७/
पहिली संधी जवळजवळ अपघाताने आली. दिग्दर्शक मोहन भवनानी १९३१ मध्ये ‘फरेबी जाल’ हा चित्रपट करत होते. बोलपटांची लाट आलेली पाहून या मूकपटाला थोडा बोलका भाग जोडायचा आणि त्यासाठी सुशिक्षित घरातील नवा चेहरा घ्यायचा, असे त्यांनी ठरवले. विचारणा झाली ती दुर्गाबाईंच्या बहिणीला, शालिनी यांना. त्यांनी नकार दिला आणि दुर्गाबाईंचे नाव पुढे केले. भूमिका जेमतेम दहा मिनिटांची. संपूर्ण चित्रपट कसा आहे, त्यात काय दाखवले जाणार आहे, याची कल्पना त्या नवख्या अभिनेत्रीला नव्हती.

८/
चित्रपट लागला आणि गहजब उडाला. त्याचा दर्जा सामान्य होता. पण चर्चा त्याची नव्हतीच. जाहिरातीत दुर्गाबाईंच्या अभिनयापेक्षा त्यांचे माहेर आणि सासर यांचाच डंका पिटला गेला होता : अमक्या नामांकित सॉलिसिटरांची कन्या, तमक्या सुविख्यात घराण्याची सून. लाड आणि खोटे ही दोन्ही आडनावे मुंबईत परिचयाची होती. गिरगावातल्या चाळींपासून प्रतिष्ठितांच्या दिवाणखान्यांपर्यंत टीकेची झोड उठली. दहा मिनिटांच्या भूमिकेमुळे दोन घराण्यांची नावे धुळीला मिळाली, असा सूर निघाला. दुर्गाबाईंसमोरचा रस्ता तिथेच बंद व्हायचा. बहुतेकांची तशी अपेक्षाही होती.

९/
या जाहिरातीत त्या काळातील एक व्यवहार उघडा पडतो. निर्माता ‘कुलीनता’ विकत होता. चित्रपटाला प्रतिष्ठा हवी होती आणि ती आडनावातून उसनी घेता येत होती. समाज मात्र याच व्यवहाराचा दोष स्त्रीच्या पदरात टाकत होता. लाभ निर्मात्याच्या गल्ल्यात आणि बदनामी अभिनेत्रीच्या वाट्याला, अशी ही वाटणी होती. काही वर्षांनी पदवीधर लीला चिटणीस पडद्यावर आल्या, तेव्हा त्यांच्या पदवीचीही अशीच जाहिरात झाली. ‘सुशिक्षित’ आणि ‘घरंदाज’ हे शब्द १९३० च्या दशकात चित्रपटाच्या विक्रीचे साधन बनले होते.

१०/
दार पुन्हा उघडले ते कोल्हापुरात. १९२९ साली व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांनी तिथे ‘प्रभात फिल्म कंपनी’ उभारली होती. पहिल्या बोलपटासाठी त्यांनी हरिश्चंद्राची कथा निवडली. हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे, गंगानाथाच्या भूमिकेत बाबूराव पेंढारकर आणि तारामती म्हणून दुर्गाबाई खोटे. ‘फरेबी जाल’मुळे ज्या स्त्रीकडे बोट दाखवले जात होते, तिलाच पतिव्रतेच्या भूमिकेसाठी बोलावणे हा ‘प्रभात’चा धाडसी निर्णय होता. तो घेताना पौराणिक विषयाचे कवच मात्र पाठीशी होते.

११/
‘अयोध्येचा राजा’ १९३२ च्या आरंभी प्रदर्शित झाला. पहिला मराठी बोलपट म्हणून त्याचे स्थान कायमचे आहे. आज त्यातील श्रमांची कल्पना येणे कठीण. पार्श्वगायनाचे तंत्र अजून आलेले नव्हते. गाणे कॅमेऱ्यासमोरच गायचे, वाद्यवृंद चौकटीबाहेर बसलेला, आणि एक सूर चुकला की सारे पुन्हा. शिवाय तीच कथा ‘अयोध्या का राजा’ या नावाने हिंदीतही चित्रित होत होती. म्हणजे प्रत्येक प्रसंग दोन भाषांत वठवायचा. शेजारी गोविंदराव टेंब्यांसारखा मुरलेला गवई-नट आणि दुर्गाबाईंच्या गाठीशी अनुभव दहा मिनिटांचा.

१२/
चित्रपट यशस्वी झाला आणि कालपर्यंत नाके मुरडणारे प्रेक्षक तारामतीच्या हालअपेष्टा पाहून डोळे टिपू लागले. समाजाचे मन इतके झटपट का पालटले? भूमिका पतिव्रतेची होती, हे त्याचे मोठे कारण. ‘घरंदाज स्त्री चित्रपटात’ हा धक्का ‘घरंदाज स्त्री सती तारामतीच्या रूपात’ या चित्राने सौम्य केला. पण ‘प्रभात’ने त्यांना त्या साच्यात अडकवून ठेवले नाही. त्याच वर्षीच्या ‘माया मच्छिंद्र’मध्ये त्या स्त्रीराज्याची राणी किलोतला झाल्या, साथीला पाळीव चित्ता, नजरेत हुकमत. एका वर्षात सोशिक राणीपासून सत्ताधारी राणीपर्यंतचा हा पल्ला होता.

१३/
आता वाट मुंबई-कोल्हापूरबाहेर गेली. कलकत्त्याच्या ‘न्यू थिएटर्स’च्या ‘राजरानी मीरा’ (१९३३) मध्ये देवकी बोस दिग्दर्शक होते. त्यांच्याच दिग्दर्शनाखाली ‘ईस्ट इंडिया फिल्म कंपनी’ने १९३४ साली ‘सीता’ काढला. राम पृथ्वीराज कपूर, सीता दुर्गाबाई. हा चित्रपट व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. इथे पुन्हा अण्णा साळुंके आठवतात. फाळक्यांच्या ‘लंकादहन’ (१९१७) मध्ये साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका एकट्याने केल्या होत्या. मूकपटात एका पुरुषाने उभ्या केलेल्या तारामती आणि सीता या दोन्ही स्त्रिया बोलपटात दुर्गाबाईंच्या वाट्याला आल्या.

१४/
कोल्हापूर, कलकत्ता, मुंबई हा प्रवास दिसतो त्याहून महत्त्वाचा आहे. तेव्हा कलाकार स्टुडिओचे पगारी नोकर असत : महिन्याचा पगार, कराराची मुदत आणि परवानगीशिवाय दुसरीकडे काम करण्यास मज्जाव. या बंधनाचा काच किती होता, हे १९३९ साली दिसले. ‘प्रभात’शी कराराबाबत मतभेद झाले, तेव्हा शांता आपटे यांनी पुण्यात स्टुडिओच्या दारातच उपोषण मांडले आणि पुढच्या वर्षी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे परखड पुस्तक लिहिले. दुर्गाबाई मात्र बऱ्याच आधीपासून संस्थेगणिक, चित्रपटागणिक काम घेत होत्या. कोणत्याही एका स्टुडिओला कायमचे बांधून न घेणाऱ्या सुरुवातीच्या मोठ्या कलाकारांत त्यांची गणना होते.

१५/
१९३६ साली त्या शांतारामांच्या ‘अमर ज्योती’साठी ‘प्रभात’मध्ये परतल्या. कंपनी तोवर पुण्याला आली होती. या चित्रपटातील सौदामिनी आजही चकित करते. पतीपासून वेगळी झालेली ही स्त्री स्वतःच्या मुलाचा ताबा मागते. राज्याचा कायदा तो नाकारतो. तेव्हा ती समुद्रावरची चाचा बनून सत्तेवर सूड उगवायला निघते. पोटच्या मुलावर आईचा कायदेशीर हक्क किती, हा त्या काळी हिंदुस्थानातील हजारो घरांतला प्रश्न होता. तो साहसकथेच्या वेशात पडद्यावर आला, आणि तो विचारणारी अभिनेत्री स्वतः दोन मुलांना कमाईवर वाढवत होती. ‘अमर ज्योती’ही व्हेनिसला गेला. त्यानंतर थोड्याच काळात ‘साथी’ या चित्रपटाद्वारे दुर्गाबाईंनी निर्मितीतही पाऊल टाकले.

१६/
आता ‘कुलीन’ या शब्दाकडे पुन्हा वळू. दुर्गाबाईंमुळे सुशिक्षित मध्यमवर्गीय मुलींना चित्रपटाचा मार्ग सोपा झाला, हे खरे. लीला चिटणीस, शोभना समर्थ, वनमाला या अभिनेत्री त्यांच्यानंतर आल्या. पण याच शब्दाची दुसरी बाजूही आहे. एकीला ‘कुलीन’ म्हटले की तिच्याआधी आलेल्या सगळ्या आपोआप ‘अकुलीन’ ठरतात. कमलाबाई गोखले, १९२९ च्या सुमारास स्वतःची नाट्यसंस्था काढून स्त्रियांना स्त्रीभूमिका देणाऱ्या हिराबाई बडोदेकर आणि मूकपटातल्या कितीतरी अनाम स्त्रिया यांनी निंदा सोसून वाट पाडली होती. तयार झालेल्या त्या पायवाटेचा रस्ता होण्यासाठी समाजाला एक ‘प्रतिष्ठित’ आडनाव लागले.

१७/
हंसा वाडकर यांची कहाणी शेजारी ठेवली की हे अधिक उमगते. त्यांचे मूळ नाव रतन साळगावकर. कोवळ्या वयात त्या चित्रपटात आल्या आणि घरच्या आडनावाला बट्टा लागू नये म्हणून पडद्यासाठी नाव बदलले. दुर्गाबाईंचे आडनाव जाहिरातीत मिरवले गेले, हंसाबाईंचे लपवावे लागले. कामाचे ठिकाण तेच, दशक तेच, वागणूक निराळी. पुढे ‘संत सखू’, ‘रामजोशी’ असे चित्रपट गाजवूनही हंसाबाईंच्या वाट्याला आलेली फरफट त्यांच्या ‘सांगत्ये ऐका’ (१९७०) या आत्मकथनात आहे. श्याम बेनेगल यांच्या ‘भूमिका’ (१९७७) चा आधार तेच पुस्तक. दुर्गाबाईंचे कर्तृत्व याने उणे होत नाही; त्यांच्या पाठीशी कोणते बळ होते, एवढे कळते.

१८/
१९४१ साली दुर्गाबाईंनी असा एक निर्णय घेतला, जो नायिका सहसा लांबणीवर टाकतात. आचार्य अत्रे यांची कथा आणि गजानन जागीरदार यांचे दिग्दर्शन असलेल्या ‘पायाची दासी’त त्या खाष्ट सासू झाल्या, सून होत्या वनमाला. वय ३६. हिंदी आवृत्ती ‘चरणों की दासी’ आणि पुढच्या वर्षीचा विजय भट्ट यांचा ‘भरत मिलाप’, ज्यात त्या कैकेयी होत्या, या दोन्हींसाठी बंगालच्या चित्रपट पत्रकार संघाने त्यांना उत्कृष्ट अभिनेत्री म्हणून गौरवले. सोशिक तारामतीपासून सुरू झालेला प्रवास आता कठोर, महत्त्वाकांक्षी, मनात गाठ बाळगणाऱ्या स्त्रियांकडे वळला. पुढे रंगभूमीवर जे घडले, त्याची बीजे या दोन भूमिकांत होती.

१९/
दरम्यान मराठी रंगभूमीची दशा पार पालटली होती. बोलपट आला आणि नाटक कंपन्या एकामागून एक बुडाल्या. नाट्यगृहांची चित्रगृहे झाली. नट, गवई, लेखक स्टुडिओत गेले. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणून ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक यांना स्त्रीभूमिका दिल्या, तो प्रयोग मोलाचा. पण संस्था फार टिकली नाही. १९४३ साली मराठी रंगभूमीची शताब्दी सांगलीत साजरी झाली. त्या उत्साहातून मुंबई मराठी साहित्य संघाने डॉ. अ. ना. भालेराव यांच्या पुढाकाराने नाट्यमहोत्सव सुरू केले आणि नाटकाला नव्याने धुगधुगी आली.

२०/
इथे दुर्गाबाईंची वाट इतरांच्या उलट जाते. त्या पिढीतील बहुतेक नट-नट्या रंगभूमीवरून चित्रपटात गेल्या : गोविंदराव टेंबे, केशवराव दाते. दुर्गाबाई चित्रपटातून रंगभूमीवर आल्या. कारण सरळ आहे. त्या वीस वर्षांच्या होत्या, तेव्हा रंगमंचावर त्यांना जागाच नव्हती. नायिकेची जागा पुरुषाने व्यापलेली होती. चित्रपट हे नवे माध्यम असल्यामुळे तिथे परंपरेचा पहारा सैल होता. जुन्या रंगभूमीने ज्यांना आत घेतले नसते, अशा स्त्रिया पडद्यावर नाव मिळवून, पडझडीनंतर उभ्या राहत असलेल्या नव्या रंगभूमीकडे वळल्या. इप्टाच्या चळवळीशी आणि साहित्य संघाशी दुर्गाबाईंचे नाते जुळले ते याच काळात.

२१/
साहित्य संघाच्या ‘भाऊबंदकी’त त्या आनंदीबाई झाल्या. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे हे नाटक १९०९ चे. विषय ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झालेला नारायणराव पेशव्यांचा खून. राघोबाच्या भूमिकेत नानासाहेब फाटक. लोकस्मृतीत आनंदीबाई म्हणजे ‘ध’चा ‘मा’ करणारी बाई. ‘धरावे’चे ‘मारावे’ करून तिने पुतण्याचा जीव घेतला, ही आख्यायिका घराघरांत ठाऊक. ती ऐतिहासिक पुराव्यावर टिकत नाही, असे अभ्यासक म्हणतात. पण रंगमंचावरच्या अभिनेत्रीला प्रेक्षकांच्या मनातल्या या प्रतिमेशी सामना करावाच लागतो. दिल्लीत १९५४ साली झालेल्या राष्ट्रीय नाट्यमहोत्सवात हे नाटक गाजले.

२२/
त्याच वर्षी ‘राजमुकुट’ रंगमंचावर आले. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’चे हे मराठी रूप वि. वा. शिरवाडकर यांचे, दिग्दर्शन हर्बर्ट मार्शल या इंग्रज रंगकर्मीचे. नायक पुन्हा नानासाहेब फाटक. लेडी मॅकबेथच्या जागी दुर्गाबाई. आनंदीबाई आणि लेडी मॅकबेथ, दोघी पतीच्या दुबळ्या हातात सत्तेचे स्वप्न ठेवणाऱ्या, दोघींच्या वाट्याला रक्ताचा डाग. एकाच नटीने एकाच जोडीदाराबरोबर या दोन भूमिका पाठोपाठ करणे ही मराठी रंगभूमीवरची विरळा घटना. कॅथीड्रल शाळेचे इंग्रजी आणि ‘प्रभात’च्या ध्वनियंत्रापुढे घासून आलेले मराठी, दोन्हींची शिदोरी या वेळी त्यांच्याजवळ होती.

२३/
१९५८ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, तो रंगभूमीवरील अभिनयासाठी. दोन वर्षांनी के. आसिफ यांचा ‘मुग़ल-ए-आज़म’ आला. त्यातील जोधाबाई हीच आज बहुतेकांची दुर्गाबाईंशी पहिली ओळख. मुलाची बाजू घ्यायची की पतीच्या सिंहासनाची, या कात्रीत सापडलेली ती सम्राज्ञी मोजक्या प्रसंगांत सारा ताण पेलते. समोर अकबराच्या वेशात पृथ्वीराज कपूर. १९३४ ची सीता आणि तिचा राम २६ वर्षांनी अशा रूपात एकमेकांसमोर उभे राहिले होते. भारदस्त आवाज आणि शब्दांची फेक दोघांनीही रंगभूमीवर कसून घेतली होती. त्या संवादांतले वजन तिथून आलेले आहे.

२४/
कॅमेऱ्यामागचे काम त्यांनी याच काळात हाती घेतले. १९५२ साली ‘फॅक्ट फिल्म्स’ ही संस्था काढली. तिच्यातून पुढे ‘दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स’ उभी राहिली. लघुपट, माहितीपट, जाहिरातपट ही तिची मुख्य कामे. चित्रपटातील स्त्रीचे उत्पन्न तिच्या वयाशी बांधलेले असते, याची जाणीव असलेल्या व्यक्तीने केलेली ही तजवीज होती. दूरदर्शनवर १९८८ मध्ये आलेली, आर. के. लक्ष्मण यांच्या सामान्य माणसावर बेतलेली ‘वागळे की दुनिया’ ही मालिका याच संस्थेची निर्मिती. दुर्गाबाईंचा मुलगा हरिन याच्याशी विवाह झालेल्या विजयाबाई, म्हणजे पुढच्या विजया मेहता, यांनी ‘रंगायन’मधून मराठी रंगभूमीला नवे वळण दिले. एका घरातील दोन पिढ्यांच्या कामातून रंगभूमीची दोन युगे जोडली गेली.

२५/
साठीनंतरही कॅमेरा थांबला नाही. १९७३ साली ‘अभिमान’मध्ये त्या मायाळू मावशी होत्या, ‘बॉबी’मध्ये गोव्याची ख्रिस्ती आजी, मिसेस ब्रगांझा. मूळ गोव्याच्या लाडांची लेक पडद्यावर गोवेकरीण झाली, तो योग गोड होता. ‘बिदाई’ (१९७४) साठी सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. दोनशेच्या आसपास चित्रपट झाले. १९८२ च्या सुमारास ‘मी, दुर्गा खोटे’ हे आत्मचरित्र मराठीत आले. शांता गोखले यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला. ज्या आडनावाची १९३१ साली परवानगीवाचून जाहिरात झाली होती, ते त्यांनी स्वतःच्या हाताने, ‘मी’ या शब्दाला जोडून मुखपृष्ठावर ठेवले.

२६/
१९६८ मध्ये पद्मश्री आणि १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार हे शासकीय सन्मान. फाळके पुरस्कार त्यांना व्ही. शांताराम यांच्या दोन वर्षे आधी मिळाला. त्यांच्यापूर्वी हा मान मिळालेल्या स्त्रिया तीनच : टागोर घराण्याशी नाते असलेल्या देविका राणी, ज्यू कुटुंबातील सुलोचना आणि दारिद्र्यातून वर आलेल्या कानन देवी. त्यांच्या पंक्तीला चौथ्या दुर्गाबाई. कुलाची उतरंड इथे उरत नाही. चौघींच्या नावापुढे एकच पुरस्कार लिहिलेला आहे.

२७/
२२ सप्टेंबर १९९१ रोजी दुर्गाबाईंचे निधन झाले. त्यांची कारकीर्द मांडताना ‘पहिली कुलीन अभिनेत्री’ एवढ्यावर थांबले, की निम्मा इतिहास सुटतो. गरज म्हणून काम पत्करणे, बदनामीनंतर पुन्हा उभे राहणे, एका स्टुडिओचे बंधन न स्वीकारणे, वय झाकण्याऐवजी त्याला साजेशी भूमिका घेणे, पन्नाशीच्या उंबरठ्यावर लेडी मॅकबेथचे शिवधनुष्य उचलणे आणि सोबत स्वतःची संस्था चालवणे, हे सारे आडनावाच्या बळावर होत नाही. तारामतीसाठी एक स्त्री शोधत वणवण केलेल्या फाळक्यांच्या नावाचा पुरस्कार बोलपटातल्या तारामतीला मिळाला. अण्णा साळुंके यांनी लुगडे नेसून ती भूमिका वठवल्याला तेव्हा ७० वर्षे झाली होती.